शैलाची तीन मिनिटं

दुपारी शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "मंदा, तुझा फोन आहे गं." फोनवर शैलाचा भाऊ विलास. "मंदाताई, शैला गेली," एवढंच म्हणाला. मी मूर्खासारखं विचारलं, "विमानात?" खरं तर तिला उडणं सोडून दोन वर्षं झाली होती. "घरी. कपडे वाळत घालताना कोसळली. मेंदूतली नस फुटली म्हणतात." बत्तीस वर्षांची होती. पाच आठवडे झाले... अजून काही उमगत नाही.

आम्ही दोघी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या, शाळेत एका बाकावरच्या. तिचे वडील कारखान्यात फिटर. शैलाने एअर होस्टेससाठी अर्ज भरला तेव्हा वस्तीतली माणसं हसली. निवड झाल्यावर तीच माणसं पेढे मागायला आली. पहिल्या पगारापासून ती सारखी म्हणायची, "लोकांना वाटतं आम्ही चहा वाटतो. आम्हाला शिकवतात ते वेगळंच असतं."

ते वेगळं काय, हे तिने एकदाच सांगितलं, बदलापूरजवळ खरवईला घेतलेल्या त्यांच्या नव्या घरात मेथी निवडताना. विमान खूप उंचावर असताना मोठा आवाज झाला, धुक्यासारखं पांढरं पसरलं आणि हाडं गोठवणारी थंडी आली. आतल्या हवेचा दाब गेला होता. डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली लोंबले. शैलाने जवळच्या रिकाम्या सीटवर बसून आधी स्वतःचा मास्क लावला. विमान झपाट्याने खाली निघालं. पलीकडच्या सीटवर एक आजोबा होते, एकटेच. त्यांच्यासमोर मास्क लोंबत होता आणि ते तिच्याकडे बघत होते. ती हाताने दाखवत होती, ओढा, लावा. त्यांना कळत नव्हतं. मग त्यांची मान कलली.

"उठावंसं वाटलं असेल तुला," मी म्हटलं.

"उठले असते तर मीही पडले असते, आणि मागच्या माणसांना कोणी बघितलं नसतं. नियमच आहे तो. मी बसून श्वास घेत राहिले, मंदा. तीन मिनिटं असतील. त्यांच्याकडे बघत."

विमान श्वास घेता येईल इतकं खाली आल्यावर ती छोटा सिलिंडर घेऊन त्यांच्याकडे धावली. आजोबा शुद्धीवर आले. उतरताना जिन्यापाशी थांबून म्हणाले, "पोरी, तू सांगत होतीस. मलाच समजलं नाही." हे सांगताना मात्र शैला रडली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, म्हणाली.

त्या दिवशी तिच्या डाव्या कानाचा पडदा गेला, तो पुन्हा धड झालाच नाही. नोकरी सुटली. बदलापूर गावातल्या एका शाळेत ती ऑफिसात लागली. तक्रार कधी केली नाही.

मागच्या रविवारी खरवईला गेले होते. चहा घेऊन चटईवर बसलो आणि माझ्या लक्षात आलं, विलास, मी, शैलाची आई, आम्ही सगळे एकाच बाजूला दाटीने बसलो होतो. शैलाला ऐकू यावं म्हणून तिच्या उजवीकडे बसायची सवय लागली होती सगळ्यांना. विलास काहीतरी पुटपुटला. आई सहज म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोल रे, तिला..." आणि थांबल्या.

विलासने खिडकीकडे पाहिलं. मग तेच वाक्य तो पुन्हा, मोठ्याने बोलला.