गोधडीची उघडी कड

"भाऊ, सुई ओवून दे मले. दिसून नाही राह्यलं," सगुणाबाई म्हणाली. मी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुईत घातलं. माझ्या थोरल्या बहिणीची, आमच्या बाईची, ती शेवटची भेट. पौषातली दुपार होती. अंजनगावच्या तिच्या घरी ओसरीवर उन्हात ती भिंतीला टेकून बसली होती आणि गुडघ्यांवर ती गोधडी होती. सुई कशाला हवी, हे मी आधी विचारलं नाही. बाईनं काही मागितलं की मुकाट्यानं द्यायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. पण तिनं गोधडीची उघडी कड ओढून हातात घेतली, तेव्हा सुई कशाला ते कळलं. आठवड्याच्या आतच मला अकोल्याला निरोप आला, बाई गेली. त्याला आता महिना होऊन गेला.

त्या कडेचं काय, ते सांगायचं तर कापसाच्या तेजीपासून सांगावं लागेल. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं. मी तेव्हाही कापसाच्या आडतीवरच होतो, त्यामुळे माणसं कशी पिसाळतात ते रोज बघत होतो. अमरावतीच्या बाजारात चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा ठोकलेली गाडी मी या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती ओढणाऱ्या बैलांच्या बरगड्याही. शेतातला कापूस संपला तशी लोकांची नजर घरात वळली. बाईचे यजमान, आमचे भाऊजी, तसे शहाणे गृहस्थ. पण गावात जो तो गाद्या उसवायला लागला, तेव्हा त्यांनाही राहवलं नाही. गाद्या, रजया, उशा, सगळं उसवून त्यांनी कापूस गाड्यांवर चढवला. पुढच्या हंगामात दुप्पट भरू, असं म्हणत होते. त्यांची म्हातारी आई रिकाम्या खोळीवर मान टेकून सगळ्या घराला शिव्या देत झोपायची. बाईनं त्या रिकाम्या खोळी तेवढ्या गोळा केल्या.

त्या खोळींची तिनं गोधडी मांडली. तांबड्या खारव्याच्या जाड कापडाचे तुकडे, सासूच्या लुगड्याचा काठ, भाऊजींच्या जुन्या पागोट्याची चिंधी, आणि मध्ये म्हादूच्या लहानपणच्या कुंचीचा हिरवा तुकडा. म्हादू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. नुकतीच मिसरूड फुटलेली आणि अंगानं इतका उंच, की कुठलंही पांघरूण घेतलं तरी पाय बाहेर. म्हणून गोधडी तिनं नेहमीपेक्षा लांब धरली. आगगाडी तेव्हा वऱ्हाडात आली नव्हती. कापूस बैलगाड्यांनी खानदेशात रुळांपर्यंत न्यावा लागे. भाऊजींनी गाड्यांबरोबर म्हादूला धाडलं. बाईच्या तीन कडा तेव्हा शिवून झाल्या होत्या. आमच्याकडे एक रीत आहे. घरचं माणूस वाटेवर असलं की गोधडीची शेवटची कड शिवत नाहीत. सगळे घरात आले की मगच ती बंद करायची, नाहीतर गेलेल्याची परतीची वाट बंद होते असं बायका म्हणतात. बाईनं चौथी कड तशीच ठेवली, चार दिवसांचा तर प्रश्न होता.

गाड्या परत आल्या, म्हादू आला नाही. आपला कापूस जातो तरी कुठे ते बघून येतो, असं सांगून तो आगगाडीत बसून मुंबईला गेला, असं गाडीवान म्हणाले. त्यानंतर काहीच कळलं नाही. भाऊजी मुंबईला गेले, बंदरावर, धर्मशाळांत, दवाखान्यांत विचारत हिंडले आणि अर्धे होऊन परतले. मग लढाई संपली, भाव कोसळले, घरोघरी गाद्या पुन्हा भरल्या गेल्या... बाई मात्र तीच गोधडी घेऊन निजायची. उघड्या बाजूनं गोधडीचे आतले थर सरकत, गोळा होत. रोज सकाळी बाई आत हात घालून ते सारखे करायची. अकोल्यापर्यंत आगगाडी आली तेव्हापासून मी गेलो की तिचा एकच प्रश्न असे, मुंबईची माणसं उतरतात का. पुष्कळ उतरतात, मी सांगायचो. "उंच हाये तो. दिसंल तुले," ती म्हणायची. भाऊजींना तिनं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं.

आणि त्या दुपारी तीच बाई ती कड शिवायला बसली. मी न राहवून म्हणालो, "बाई, आता काहून?"

"आता कोणी वाटेवर नाही रे भाऊ. घरात हाओत तेवढेच हाओत."

टाके वाकडेतिकडे पडत होते. शेवटाला गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते गोठ्याकडे निघून गेले. मला बाईचा राग आला. इतकी वर्षं तिच्या आशेला मी मनातल्या मनात वेडेपणा म्हणत होतो, आणि तिनं ती सोडली तर मलाच ते सोसेना.

परवा तिच्या मासिकाला अंजनगावला गेलो होतो. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण आमच्यात गावाबाहेर टाकतात. गोधडी मात्र भाऊजींनी टाकू दिली नाही, असं शेजारणीनं सांगितलं. जेवणं आटोपल्यावर मी ओसरीवर आलो, तर भाऊजी बाईच्याच जागी उन्हात बसलेले. हातात बाभळीचा काटा होता आणि तो घालून ते त्या कडेचा एकेक टाका उसवत होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"थकली होती थे," ते म्हणाले. "पण धाडलं म्या हाये त्याले. मी कशी बंद करू?"

म्हादू येणार नाही. मला ते ठाऊक आहे, आणि त्यांनाही ठाऊक आहे, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी गोधडीचं दुसरं टोक तेवढं ताणून धरलं. शेवटचा टाका निघाला. मग त्यांनी उघड्या कडेतून हात आत घातला आणि आतले थर सारखे केले, बाई रोज सकाळी करायची तसेच.