मऊ मटणाचा वाटा

काल नातसुनेनं पुण्याहून म्हशीच्या मटणाचे जाड तुकडे आणले. "आजी, एक नंबर माल, अन् निम्म्या किमतीत!" तव्यावर चरचर झाली, वास उठला, अन् मी थेट जुन्नरजवळच्या आमच्या जुन्या वस्तीत पोचले.

तवा सगळी घरं मिळून एक म्हैस घ्यायची. पळसाच्या पानांवर सारख्याच किमतीचे वाटे लागायचे. वस्तीतले एक काका एकेका वाट्यावर हात ठेवायचे, अन् वाट्यांकडं पाठ करून उभी राहिलेली पोर तो कुणाचा ते सांगायची. त्या दिवशी ती पोर मी! थोरल्या बहिणीचं नुकतंच लगीन झालेलं, नवे दाजी पहिल्यांदाच जेवायला येणार, म्हणून आईचा जीव मांडीच्या मऊ मटणात अडकला व्हता.

"ह्यो कुणाचा गं?"

"आमचा!" वळून बघते तर तोच, मांडीचा वाटा! मी तिथंच नाचले.

जेवताना दाजी हळूच आईला म्हणाले, "मामी, नळी नाय व्हय?"

आईचं तोंडच उतरलं. मी शेजारच्या सखूमावशीकडं पळाले, वाटीभर मऊ मटण देऊन नळी आणली. दाजींनी ती ताटात ठोकून आतला मगज काढला, तवा कुठं आई हसली. मला मात्र त्यांचा लई राग आला व्हता. आता वाटतं, पहिल्याच जेवणात माणूस घरचा झाला की!

"कसं झालंय, आजी?" नातसुनेनं विचारलं.

"लई मऊ," मी म्हणाले. "पण नळी नाय व्हय गं?"