एकोणीस वर्षं न खाल्लेली अंडी

माझा हुद्दा कुणी विचारला तर मी "तपासनीस" सांगायचो. नातेवाइकांत तर सांगायचोच सांगायचो. पिल्लांच्या कारखान्यात तपासनीस. ऐकायला कसं भारदस्त वाटतं. समोरच्याला वाटावं, हा आत गेला की लोक उठून उभे राहत असतील. प्रत्यक्षात मी दिवसभर स्टुलावर बसून एका दिवसाची पिल्लं निवडतो. पिल्लू उचलायचं, पंख उलगडायचा. पिसं लांब-आखूड असली तर मादी, सगळी सारखी असली तर नर. मादी डाव्या खोक्यात, नर उजव्या. डावं खोकं अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडकडे जातं. उजवं शेजारच्या खोलीत जातं आणि रिकामं होऊन परत येतं.

कामाला लागल्यावर तिसऱ्याच वर्षी अंडं माझ्या घशाखाली उतरेनासं झालं. पण सांगायची सोय नव्हती. आमच्या घरात पुरुषाने ताटातलं काही नाकारलं तर एक तर त्याचं पोट बिघडलंय नाही तर डोकं, असं समजतात. त्यात दर वर्षी मोठ्या सुट्टीत सगळे दादाकडे जेवायला जमतो आणि वहिनी माझ्यासाठी म्हणून मसाला भरलेली अंडी करतात. "भाऊजींना आवडतात ना." मग मी दोन वाढून घ्यायचो, वा वा करायचो, तोंडाचा पट्टा चालू ठेवायचो, आणि सगळे हसत असताना अंडी कागदी रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात. एका वर्षी त्यांच्यावर बसलो. बायकोने पँट धुताना काही विचारलं नाही. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. असं एकोणीस वर्षं चाललं.

असा मी शूरवीर, आणि मुलीने अंडी-मांस सोडलं तेव्हा तिची सगळ्यात जास्त टिंगल कुणी केली? मीच. "गवत वाढा हिला." "पालकालाही जीव असतो गं." दादा हसायचा आणि मला चेव यायचा. मुलगी दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात काम करते, वर्षातून या एका जेवणाला येते. टिंगलीच्या चौथ्या वर्षी निघताना बायकोने मला दारातच अडवलं.

"आज तिला काही बोललात तर ती पुढच्या वर्षी येणार नाही. मला सांगितलंय तिने."

चकार शब्द काढणार नाही, म्हटलं. आणि पाळलंही. दहा मिनिटं मी इतका गप्प होतो की वहिनींना वाटलं मला ताप आलाय. पण दादाने विषय काढलाच. दादा गणिताचा मास्तर. निवृत्त झाला तरी समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"मांसाचं एक वेळ समजू शकतो," तो मुलीला म्हणाला. "पण अंड्यात कोण मरतं, सांग बघू."

"पिल्लं मरतात, काका. नर पिल्लं पुढे अंडी देत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारतात."

"वाचलंस ना कुठेतरी? अगं, तुझा बाप बावीस वर्षं त्याच धंद्यात आहे, तोही तपासनीस. त्याच्या तोंडून ऐकलंस कधी?" दादा माझ्याकडे वळला. "सांग रे, असतं का असलं काही?"

माझा हात तेव्हा खिशात होता, रुमालासकट. मुलगी माझ्याकडे बघतही नव्हती, खाली ताटात बघत होती. मी काय म्हणणार हे तिने गृहीतच धरलं होतं. एक विनोद माझ्या जिभेवर तयार होता, खोटं कशाला बोलू, बरा होता. पण तिची ती खाली घातलेली मान बघितली आणि मला माझी लाज वाटली.

"असतं," मी म्हणालो. "ती खरं बोलतेय. आणि मी तपासनीस नाही. नर-मादी निवडणारा मीच."

"गंमत करतोयस," दादा म्हणाला.

"नाही."

मुलीने वर पाहिलं. "दिवसाला किती?"

"आठ हजार निवडतो. त्यातले निम्मे नर."

मग खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. आता तो लपवून तरी काय करणार होतो. वहिनींनी आधी अंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्हाला आवडत नाहीत?" त्यांना तोच मोठा धक्का होता. तुमचा काही दोष नाही, वहिनी, म्हटलं.

"मग मला का हसत होतात?" मुलीने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"तू बोलायला लागलीस की वाटायचं, आता गाडी माझ्यावर येणार. म्हणून आधीच हसून घ्यायचो. घाबरायचो मी तुला."

"सुट्टी संपली की परत जाणार कामावर?"

पन्नाशी उलटल्यावर दुसरं काय जमणार, मला पंख उलगडण्याखेरीज येतं तरी काय, असं बरंच मनात आलं. "जाणार," एवढंच म्हणालो.

तिने मान हलवली आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. त्यानंतर जेवण संपेपर्यंत दादाने कुणालाही एकही प्रश्न विचारला नाही, हा आमच्या घराण्यातला विक्रम असावा.

पुढच्या वर्षी ती आली. माझ्याच शेजारी बसली. वहिनींनी अंडी केली नाहीत, भांडणही झालं नाही. चांगलंच झालं म्हणायचं सगळं. फक्त पूर्वी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "बाबा, आज कामावर काय केलंत?" मी थापा मारायचो, साहेबाला कसं गप्प केलं, बंद पडलेलं मशीन कसं चालू केलं. फोन अजूनही रोज येतो. आता ती विचारते, "जेवलात का?"