उपवासाचं रक्त

मुसफ्फ्याचे आकडे अजमानच्या आकड्यांशी जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि माझ्यातला दमही. आखातात अजमानला आमची मुख्य लॅब, मुसफ्फ्याला छोटी शाखा, मशीन दोन्हीकडे सारखंच. तरी कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांची तपासणी आली की मुसफ्फ्याचे रिपोर्ट हमखास बिघडलेले. लॅबचे मुख्य डॉक्टर केरळचे. रोज सकाळी दारातच गाठायचे, "मॅडम, मुसफ्फा का नंबर क्यों नहीं मिलता?" जणू मीच तो नंबर पदराखाली लपवून ठेवला होता!

दर आठवड्याला बर्फाचा डबा मांडीवर घेऊन गाडीतून मुसफ्फ्याला जायचं. डब्यात 'कंट्रोल'च्या बाटल्या. त्यांतल्या सिरमचा आकडा आधीच ठाऊक असतो, मशीनने तोच दाखवला की मशीन शहाणं. मुसफ्फ्याचं मशीन दर वेळी शहाणं निघायचं. मग पेशंटचं रक्त लावलं की पुन्हा तेच रडगाणं. सिरम दुधासारखं पांढरट, चरबी आभाळाला टेकलेली. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, तेव्हा आम्ही थेट मोजत नसू, वजाबाकी करून काढायचो. चरबी फार वर गेली की ती वजाबाकीच फसते. मग रिपोर्टवर एकच शेरा, 'एलडीएल काढता आला नाही.' मी मशीन धुतलं, रसायनं बदलली, तिथल्या टेक्निशियनशी भांडले. संध्याकाळी घरी आले की मुलगी नाक मुरडायची, "आई, यू स्मेल ऑफ द लॅब." हो बाई, येतो वास. अंघोळीचंसुद्धा त्राण उरत नसे.

हे बिघडलेले रिपोर्ट बहुतेक एकाच बांधकाम कंपनीच्या क्रेनवाल्यांचे असायचे. तब्येतीचा रिपोर्ट चांगला असल्याशिवाय कंपनी कुणाला क्रेनवर चढू देत नसे. त्यांतला एक चिपळूणकडचा गृहस्थ कंपनीने शेवटची संधी म्हणून आमच्याकडे अजमानला पाठवला. इथे रिपोर्ट चांगला आला तर क्रेन, नाहीतर गावाकडचं तिकीट. माझं मराठी ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"ताई, तेवढं नीट बघा हो. क्रेन सोडून मला दुसरं काही येत नाही."

रक्त काढलं, सिरम सुटं व्हावं म्हणून यंत्रात फिरवलं. नळीत पुन्हा दूध. माझं डोकंच फिरलं.

"दादा, खरं सांगा, काय खाऊन आलात?"

"छे हो! काही नाही. कडक उपवास धरलाय. आमच्या खोलीतली पोरं म्हणाली, फास्टिंग म्हणजे उपवास."

"म्हणजे नुसतं पाणी?"

"पाणी, आणि साबुदाण्याची खिचडी तेवढी. आज तपासणी म्हणून कुकने तूप जरा सढळ हाताने घातलं."

"आणि मुसफ्फ्याला रक्त दिलंत तेव्हा?"

"तेव्हाही उपवासच होता. आम्हा सगळ्यांचाच असतो. कुक मुद्दाम लवकर उठतो बिचारा. शेंगदाण्याचं कूट, बटाटा, वर एकेक केळं."

मी कपाळावर हात मारून घेतला. कर्म माझं! एवढे महिने मी मशीनच्या मागे लागले होते, आणि तिकडे कामगारांचा अख्खा मराठी कॅम्प माझ्या तपासणीसाठी भक्तिभावाने खिचडी खात होता. हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. थकवा होता तो, दुसरं काही नाही.

"उद्या परत या दादा. पण उपवास नको, उपाशी या. रात्री जेवलात की त्यानंतर नुसतं पाणी. खिचडी नाही, केळं नाही, चहासुद्धा नाही."

"चहा पण नाही?" त्याला हे फारच जड गेलेलं दिसलं.

पण पठ्ठ्या खरंच उपाशी आला. सिरम स्वच्छ, पिवळं, आरपार दिसणारं. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. निम्मं सिरम ड्रायव्हरबरोबर मुसफ्फ्याला पाठवलं, निम्मं इथे लावलं. चरबी खाली आली होती, वजाबाकी झाली, आणि त्याचा एलडीएल पहिल्यांदाच हाती आला. भयंकर होता. मी पुन्हा लावला. तोच. दुपारी मुसफ्फ्याहून फोन आला, त्यांचाही जवळजवळ तोच. डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून टेबलावर थाप मारली, "खलास मॅडम! मिल गया!" आणि मला, लाज वाटते सांगायला, एकदम हलकं वाटलं.

तो बाहेर बाकावर बसून होता. मला बघताच उठला.

"ताई, आलं का बरोबर?"

सगळे महिने मी याच एका शब्दासाठी झिजले होते. तो तोंडातून निघूनच गेला.

"आलं हो! अगदी बरोबर आलं!"

त्याने डोळे मिटून हात जोडले. "वाचवलंत ताई. घरी फोन करून सांगतो, क्रेन राहिली म्हणून." खिशातून फोनकार्ड काढून तो दाराकडे निघालासुद्धा.

"थांबा दादा," मी म्हटलं. "आकडा बरोबर आलाय. पण तो चांगला नाही."

त्याला ते लगेच कळलं नाही. तो अजून हसतच होता.