तुणतुण्यातली खिरापत

माझ्या खिरापतीमुळे एकदा तुणतुण्याचा घसा बसला होता.

गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी अवघी त्रेसष्टची, म्हणजे तशी अल्लडच. सूनबाईने प्रताप नगरातल्या आमच्या हॉलमध्ये भुलाबाईच्या गाण्यांची बैठक ठरवली होती. गाणार होते रामटेककडचे बहीण-भाऊ, सुमन आणि देवा. माइक नाही, स्टेज नाही. सतरंजीवर वीस बाया आणि समोर ते दोघं. शहरात त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. महिला मंडळाच्या बाई मुद्दाम ऐकायला येणार होत्या; आवडलं तर कोजागिरीला त्यांच्याकडे गाणं पक्कं.

मला मात्र काळजी वेगळीच! भुलाबाईची गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची, हा आमच्याकडचा नेम. (डबा कानाशी नेऊन वाजवायचा, मग तर्क लढवायचे.) माझी खिरापत चाळीस वर्षांत कोणी ओळखली नव्हती. आणि शेजारच्या कुसुमताई ‘मदतीला’ म्हणून तासभर आधीच येऊन माझ्या ओट्यावरचा एकेक डबा हुंगत होत्या. म्हणून मी सुपारीएवढ्या जवसाच्या लाडवांची पुरचुंडी उचलली (जवस भाजताना नेमका फोन आला होता, पण ते असो) आणि आतल्या खोलीत ठेवलेल्या देवाच्या तुणतुण्यात, त्या पोकळ लाकडी नळकांड्यात, कोंबली. पाहुण्यांचं वाद्य कोण हुंगतंय? गाण्याआधी काढून घेऊ म्हटलं. तेवढ्यात बेल वाजली, आणि हळदीकुंकू लावण्यात मी तुणतुणं साफ विसरले.

पहिली दोन गाणी ढोलकीवर झकास रंगली. तिसऱ्याला देवाने तुणतुणं घेतलं. तार छेडली तर आवाज आला, ‘भद्द’. उशीवर बुक्की मारल्यासारखा. त्याने खुंटी पिळली. पुन्हा ‘भद्द’.

“ताई, हे वाजूनच नाही राहिलं वं.”

“सकाळी तं चांगलं वाजत होतं गा.” सुमनचा चेहरा उतरला. मंडळाच्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

कबूल करावं तर खिरापत फुटते, न करावं तर या लेकरांचं गाणं बुडतं. खोटं कशाला सांगू, मी कुसुमताईंकडे पाहिलं आणि गप्प बसले! (आता लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.) शेवटी सुमनचे डोळे भरून आले, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, “देवा, उलटं कर बाबा ते.”

पुरचुंडी सुटली आणि काळे गोळे टणाटण फरशीवर. सुमन मोठी हुशार पोरगी. तिने ढोलकी ओढली, ‘ओळखा बायांनो, खिरापत ओळखा’ म्हणत तिथल्या तिथे गाणं जुळवलं, आणि मोकळ्या झालेल्या तुणतुण्यावर देवाने तिला अशी साथ दिली की हॉल हसून लोटपोट. मंडळाच्या बाईंनी सतरंजीवर बसल्या बसल्याच कोजागिरी पक्की केली.

आणि कुसुमताई? त्यांनी एक गोळा उचलला, हुंगला, दाताखाली धरून पाहिला. त्यांच्या यजमानांची सारी नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात गेलेली, त्यामुळे त्या अगदी अधिकाराने म्हणाल्या, “कोळसा हाय वं हा.”

बाकीच्यांना तर एवढंही सुचलं नाही. भर उजेडात, वीस जणींच्या नाकासमोर पडूनही माझी खिरापत कोणालाच ओळखता आली नाही. चाळीस वर्षांचा विक्रम अबाधित!