गादीवर बसवलेला माणूस

दम लागलेल्या म्हाताऱ्याला मी दुकानात नेऊन जमिनीवरच्या गादीवर बसवलं. माणूस दिसला की गादीवर बसवायचा, ही आम्हा कापडवाल्यांची खोडच.

नवी पेठेत तो रोज दिसायचा. चार पावलं चालून, साड्या बघतोय असं दाखवत काचेपाशी दम घ्यायचा. चहा पिताना म्हणाला, यंत्रमागाच्या धुळीनं फुप्फुसं गेली.

उठायच्या वेळी मात्र त्याच्या मांड्या नुसत्याच थरथरल्या.

"दम परत येतोय की, मालक," तो ओशाळून हसला, "पायातला जोर येत न्हाय."

मी काखेत हात घालून त्याला उचललं. धोतराच्या गठ्ठ्याइतकाही जड नव्हता.

त्याला शोधत आलेल्या बायकोनं ते पाहिलं. "आता कुठं रोज एकटे निघायला लागले होते. आता परत बाहेर पडतील व्हय? एवढ्या मोठ्या दुकानात एक खुर्ची न्हवती, शेठ?"