मोहाखालची झाडलेली जमीन

राकेश दुपारी जेवला की गायब व्हायचा. परत यायचा तेव्हा केसांत पाचोळा असायचा.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघे राष्ट्रीय उद्यानात वणव्याच्या राखणीला लागलो होतो. काम हंगामी. खारबावच्या पुढे डोंगर चढायचा, टेकडीवर बसायचं, धूर दिसला की वॉकीटॉकीवर कळवायचं. मी भिवंडीचा. घरचे लूम निम्मे बंद, हातात मराठी साहित्याची पदवी. राकेश डोंगरातल्या पाड्यावरचा, कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा. काम नीट केलं तर पावसाळ्यानंतरही ठेवू, असं वनरक्षक मनोजसाहेब म्हणाले होते. राकेशला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

त्याच्या आईला, बुधीला, यातलं काही ठाऊक नव्हतं. मानकोलीच्या गोदामात लागलो, असं त्याने तिला सांगितलं होतं. खाकी शर्ट माझ्या पिशवीत ठेवून तो घरी जायचा.

"आईला कशाला फसवतोस?"

"जंगलात शिरली म्हणून खाकीवाल्यांनी तिचा कोयता नेलाय. त्या कपड्यात मला घरात घेईल का ती?"

मनोजसाहेबांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून तुमचे पाड्यावरचे खालचा पाला जाळतात," ते म्हणत. "आणि राखायला कोण? तूच. सोबतीला हा कवी." हसत हसत ते राकेशचे खिसे काडेपेटीसाठी चाचपत. माझे कधी चाचपले नाहीत.

मग मलाही संशय यायला लागला. एका दुपारी मी त्याच्या मागे गेलो.

ओहोळाच्या काठी मोहाचं जुनं झाड होतं. राकेश फांद्यांच्या झाडूने त्याखालचा पाला ओढत होता. बाजूला ढीग केला होता. मला बघून दचकला.

"हे आईचं झाड," तो म्हणाला.

"उद्यानात?"

"जंगल उद्यानाचं. मोह आईचा. सगळा पाडा मानतो. आता फुलं गळायला लागतील. ती पाला जाळायला येईल. धूर निघाला की कळवायचा कोणी? मीच. जमीन आधीच साफ असली तर ती जाळेल कशाला?"

"मग तिला तसं सांग."

"आणि झाडणारा कोण, ते काय सांगू?"

मला पटलं. पण परत येताना मी पुन्हा वळून त्या ढिगाकडे बघितलं. आग लावायला तो अगदी सोयीचा होता.

पुढच्याच दुपारी ओहोळाजवळून धूर निघाला. राकेश तेव्हा पाणी आणायला खाली गेला होता. धावत वर आला.

"तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने मला बाजूला सारलं. वॉकीटॉकी उचलला. "ओहोळाजवळ धूर," म्हणाला, आणि पळत सुटला. मी त्याच्या मागे.

ढीग पुन्हा मोहाखाली पसरलेला होता आणि जळत होता. बुधी ओली फांदी घेऊन कडा झोडपत होती. एक ठिणगी पलीकडच्या गवतात गेली होती. आम्ही दोघांनीही फांद्या तोडल्या. आग विझवली. मग बुधीने लेकाच्या शर्टाकडे बघितलं.

"गोदाम हितं हाय का रं?"

तेवढ्यात मनोजसाहेब धापा टाकत आले. "कोणी लावली?"

"मी," बुधी म्हणाली. "माजं झाड हाय. कोनीतरी खालची जमीन झाडून ठेवली. झाड बळकावाया बघतंय मेला. मी जाळून ठेवली. आता येऊन दाखव म्हनावं."

मला कळेना. राकेशने खाली बघत सांगितलं. पाड्यावर मोहाखालची जमीन जो आधी साफ करेल, झाडून किंवा जाळून, त्या वर्षाची फुलं त्याची. झाडलेली जमीन दिसली की ओळखायचं, झाडाला धनी आलाय.

मी थक्क झालो. हा रिवाज तो लहानपणापासून बघत आला होता. तरी झाडताना त्याच्या डोक्यात फक्त धूर होता.

"मी झाडली, आये," तो म्हणाला.

"कोनासाठी? ह्यांच्यासाठी?" तिने मनोजसाहेबांकडे हनुवटी केली.

"तुझ्यासाठी."

तिने हातातली फांदी राखेत टाकली. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

मनोजसाहेबांनी केस केली नाही. "धूर तुझ्याच पोराने कळवलाय," एवढंच तिला म्हणाले. राकेशचा शर्ट मात्र तिथेच उतरवून घेतला. "उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या सकाळी टेकडीवर मी एकटाच होतो. फुलं गळायला लागली होती. खाली काळ्या जमिनीवर ती लांबूनही दिसत होती. राकेश त्या फुलांमध्ये नुसत्या बनियनवर उभा होता. बुधी पाटी घेऊन आली आणि काळ्या जमिनीच्या कडेला थांबली. आत पाऊल टाकेना. जमीन आधी लेकाने झाडली होती, यंदा झाड त्याचं. त्याने हाक मारली. तरी ती उभीच. मग तिने मान वर करून टेकडीकडे, माझ्या खाकीकडे बघितलं. बराच वेळ.

राकेश झाड तिच्यासाठी सोडून जमिनीवरून बाहेर आला आणि तिच्या मागे उभा राहिला. तेव्हा ती आत गेली, आणि वाकली.